फिटमध्ये पुन्हा ‘तरुण तारे’ निघाले? रिपोर्ट लिहायच्या आधी हे तपासा

दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की माझ्या व्हॉट्सॲपवर एक ठरलेला मेसेज येतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस असतात. कोणीतरी सक्रिय दीर्घिकेच्या, म्हणजे जिच्या केंद्रातलं कृष्णविवर वायू गिळत असतं अशा दीर्घिकेच्या, केंद्राचा वर्णपट फिट करत असतं आणि रात्री साडेअकराला मला लिहितं, ‘मॅडम, भारी रिझल्ट आलाय! केंद्राजवळ ५० लाख वर्षांचे तारे सापडले. पाव हिस्सा प्रकाश त्यांचाच आहे.’ सोबत ताऱ्यांच्या वयांचा ग्राफ. त्यात डावीकडे एक उंच खांब, मध्ये मोकळं मैदान आणि पार उजवीकडे १० अब्ज वर्षांचा दुसरा खांब.

हा दोन खांबांचा ग्राफ मी इतक्या वेळा पाहिलाय की हल्ली मला तो तक्रारअर्जासारखा वाचता येतो. कोड म्हणत असतो: मला थोडा निळा प्रकाश कमी पडत होता, तुम्ही दिलेल्या सामानात निळं असं फक्त तरुण ताऱ्यांचं टेम्प्लेट होतं, ते उचललं. त्यापलीकडे तो काहीच सांगत नाही. तो निळा प्रकाश खरोखर ताऱ्यांचा आहे, कृष्णविवराभोवतीच्या तबकडीचा आहे, की तुमच्या कॅलिब्रेशनच्या चुकीचा, हे शोधणं आपल्या अंगावर असतं. दर वर्षी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते.

हे होतं कशामुळे

कधी रात्री मलबार हिलवर कमला नेहरू पार्कच्या कठड्याशी उभे राहा. खाली मरीन ड्राइव्हची कमान, पलीकडे चर्चगेटच्या इमारती. इतक्या लांबून एकेक खिडकी मोजता येत नाही, पण उजेडाच्या एकूण रंगावरून अंदाज बांधता येतो, की या पट्ट्यात पिवळे बल्ब जास्त आणि त्या पट्ट्यात पांढऱ्या ट्यूब जास्त. दीर्घिकेच्या वर्णपटातून ताऱ्यांची वयं काढायची पद्धत हीच. एका वयाच्या आणि एका धातुप्रमाणाच्या (म्हणजे हायड्रोजन-हेलियमहून जड मूलद्रव्यांच्या प्रमाणाच्या) ताऱ्यांचा समूह घेऊन त्याचं एक टेम्प्लेट करायचं, अशी शे-दीडशे टेम्प्लेट्स कोडसमोर ठेवायची आणि कोणतं किती मिसळलं की निरीक्षणातला वर्णपट तयार होतो ते विचारायचं. २००४ मध्ये कापेलारी आणि एमसेलम यांनी मांडलेला पीपीएक्सएफ हा कोड घ्या, नाहीतर २००५ मधला सिद फर्नांडिस यांच्या गटाचा स्टारलाइट घ्या, कामाचं सूत्र हेच आहे.

आता समजा वानखेडेवर डे-नाइट मॅच आहे आणि फ्लडलाइट लागलेत. सगळ्या परिसरावर एक पांढुरका उजेड पसरलाय. तुमच्या वहीत ‘बल्ब’ आणि ‘ट्यूब’ असे दोनच रकाने असतील तर तुम्ही काय लिहाल? ‘आज ट्यूब फार.’

सक्रिय दीर्घिकेत नेमकं हे घडतं. ओ आणि बी वर्गाच्या तापलेल्या तरुण ताऱ्यांचा वर्णपट निळा असतो, त्यात शोषणरेषा असतात पण फिकट. तबकडीचा प्रकाशही निळा, आणि त्यात शोषणरेषा नाहीतच. ३८०० ते ७००० अँगस्ट्रॉमच्या खिडकीतून (हे तरंगलांबीचं एकक; पुढे रेषांचे नुसते आकडे येतात तेही यातच), मध्यम दर्जाच्या सिग्नलमध्ये पाहिलं तर हे दोघे जुळे भाऊ वाटतात. तरुण ताऱ्यांवर जरा धूळ टाका, म्हणजे उरलासुरला फरकही जातो. कोडची त्यात काही चूक नाही.

आधी स्वस्तातल्या चुका काढा

यांत नवल असं काही नाही, म्हणून सगळे हे टाळून पुढे पळतात. मीही पळायचे.

हवा आणि निर्वात. एसडीएसएस या आकाश-सर्वेक्षणाचे वर्णपट निर्वातातल्या तरंगलांबीत असतात, पण माइल्ससारख्या ताऱ्यांच्या वर्णपटांच्या संग्रहावरची बरीच टेम्प्लेट्स हवेतल्या तरंगलांबीत मिळतात. ५००० अँगस्ट्रॉमपाशी दोन्हींत साधारण १.४ अँगस्ट्रॉमचा फरक पडतो, म्हणजे वेगाच्या भाषेत सेकंदाला सुमारे ८३ किलोमीटर. एसडीएसएसचा एक पिक्सेल ६९ किलोमीटर प्रति सेकंदाचा, तेव्हा गाडी एका पिक्सेलहून जास्त सरकलेली. वेग मोकळा ठेवला असेल तर कोड हा फरक वेगातच गिळून टाकतो आणि वयांवर फारसं काही होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्रास होतो तो मास्कचा, म्हणजे फिटमधून वगळायला झाकलेल्या भागांचा. उत्सर्जनरेषांची यादी हवेतली आणि वर्णपट निर्वातातला असेल तर मास्क थोडा बाजूला बसतो, ५००७ च्या ऑक्सिजन रेषेचा एक पाय बाहेर राहतो आणि सक्रिय दीर्घिकेत ही रेषा इतकी तगडी असते की तो पायही फिट ओढून नेतो.

मास्क म्हटलं की मुलं हायड्रोजनच्या बामर रेषा, ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक एवढं झाकतात आणि खूश होतात. ५१९८ आणि ५२०० अँगस्ट्रॉमच्या उदासीन नायट्रोजनच्या जोडीला कोणी विचारत नाही. ही जोडी मॅग्नेशियमच्या त्रिकुटाला, म्हणजे ५१६७, ५१७३ आणि ५१८४ च्या रेषांना, अगदी लागून बसते आणि धातुप्रमाणाचा हिशेब बिघडवते. धातुप्रमाण बिघडलं की वय बिघडलंच. वर्दी यांनी १९९४ मध्ये दाखवलेला तो कुप्रसिद्ध नियम आठवा: वय तिप्पट करा किंवा धातू दुप्पट करा, जुन्या ताऱ्यांचा वर्णपट जवळपास सारखाच बदलतो. ५८९० आणि ५८९६ ची सोडियमची जोडीही झाका, कारण त्या शोषणात ताऱ्यांइतकाच आंतरतारकीय वायूचा हात असतो.

आपल्या वातावरणाची ५५७७ ची ऑक्सिजन रेषा वजा करताना नेहमी थोडा कचरा मागे राहतो. ताम्रसृतीची, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबी ताणली जाण्याची, दुरुस्ती केली की हा कचरा दीर्घिकेच्या वर्णपटात भलत्याच जागी जाऊन बसतो. ताम्रसृती ०.१४७ असेल तर तो थेट एच-बीटावर, म्हणजे हायड्रोजनच्या ४८६१ च्या रेषेवर. एका मुलीने आठवडाभर ‘एच-बीटाचा विचित्र आकार’ समजून घेण्यात घालवला होता. तो आकार दीर्घिकेचा नव्हता, आपल्याच आकाशाचा होता.

आपल्या आकाशगंगेतल्या धुळीची दुरुस्ती एकदाच करा, आणि ती निरीक्षणातल्या तरंगलांबीवर, ताम्रसृती काढायच्या आधी. दोनदा केली तर वर्णपट निळा होतो. निळा झाला की पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मग विभेदनक्षमता, म्हणजे वर्णपट किती बारीक तपशील दाखवतो ते. माइल्सची साधारण २.५ अँगस्ट्रॉम, ब्रुझुअल आणि शार्लो यांच्या २००३ च्या मॉडेलांची दृश्य भागात ३. टेम्प्लेट तुमच्या वर्णपटापेक्षा जाडंभरडं असेल तर त्याला बारीक करता येत नाही, फक्त उलटं करता येतं. एसडीएसएसच्या दीर्घिकेची ताम्रसृती जास्त असेल तर मूळ तरंगलांबीत तिचा वर्णपट आणखी बारीक होतो, हेही हिशेबात धरा.

या सगळ्यात मी सर्वांत आधी बघते तो आकडा सिग्माचा, म्हणजे ताऱ्यांच्या वेगांच्या विखुरण्याचा. पीपीएक्सएफमध्ये त्याची कमाल मर्यादा मुळातच सेकंदाला १००० किलोमीटर ठेवलेली आहे. तुमचा सिग्मा तिथे जाऊन चिकटला असेल तर वयांच्या ग्राफकडे बघूही नका. कोडला शोषणरेषा उथळ करायच्या होत्या, त्यासाठी दुसरा उपाय दिसला नाही, म्हणून त्याने त्या इतक्या पसरवल्या की पुसल्याच गेल्या. वर्णपटात ताऱ्यांचा नसलेला प्रकाश आहे याची इतकी सरळ खूण दुसरी नाही.

आणि बहुपदी, म्हणजे टेम्प्लेट्सच्या जोडीला कोड वापरतो तो गुळगुळीत वक्र. बेरजेची बहुपदी फक्त वेग मोजताना वापरा. वय काढताना ती चालू राहिली तर ती शोषणरेषांची खोली स्वतःच बदलते, तबकडीचा प्रकाश गुपचूप पोटात घालते आणि तुमच्या धातुप्रमाणाचाही घास घेते. वयासाठी हवी असेलच तर गुणाकाराची ठेवा. इंटरनेटवरून उचललेल्या कोडमध्ये ही ओळ कोणीच तपासत नाही.

निळं टोक, म्हणजे माझी फजिती

आता जरा स्वतःचं सांगते. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मी एका सेफर्ट (सक्रिय दीर्घिकांचाच एक प्रकार) दीर्घिकेचे लांब चिरेतून, म्हणजे उपकरणाच्या अरुंद फटीतून, घेतलेले वर्णपट फिट केले. केंद्रात तरुण तारे, भरपूर. मी खूश. गटाच्या बैठकीत स्लाइड लावली. मागच्या खुर्चीवरून एका ज्येष्ठांनी शांतपणे विचारलं, ‘केंद्राबाहेर काय येतं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण बाहेरचं मी फिटच केलं नव्हतं. संध्याकाळी केलं. केंद्रापासून दहा आर्कसेकंद दूर, जिथे फक्त म्हाताऱ्या ताऱ्यांचा फुगवटा आणि दीर्घिकेची स्वतःची शांत तबकडी होती (कृष्णविवराभोवतीची नव्हे), तिथेही तितकेच तरुण तारे. दुसऱ्या बाजूलाही तितकेच. सगळ्या दीर्घिकेत एकाच दिवशी बारसं झाल्यासारखं.

दोष निघाला प्रमाण ताऱ्यात, म्हणजे ज्याचा खरा वर्णपट माहीत असतो आणि ज्यावरून कॅलिब्रेशन करतात त्या ताऱ्यात. आपलं वातावरण लोलकासारखं वागतं. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या किंचित वर उचलला जातो. चीर त्या उभ्या दिशेने, म्हणजे पॅरलॅक्टिक कोनात, फिरवून ठेवली नाही तर निळा प्रकाश चिरेच्या काठावर सांडतो. फिलिपेंको यांनी १९८२ मध्ये याचे तक्ते करून ठेवले आहेत. माझी दीर्घिका त्या रात्री डोक्यावर होती, तिचं काही सांडलं नाही. प्रमाण तारा मात्र खाली कललेला असताना घेतला होता, आणि चीर मी फिरवली नव्हती. ताऱ्याचा निळा प्रकाश हरवला. सॉफ्टवेअरला वाटलं उपकरणच निळ्यात मंद आहे, म्हणून त्याने निळी बाजू वर ओढली आणि ती ओढ दीर्घिकेच्या प्रत्येक वर्णपटाला लागली. माझे ५० लाख वर्षांचे तारे चिरेच्या काठावर जन्मले होते.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न तोच असतो जो त्यांनी मला विचारला. तरुण ताऱ्यांचा हिस्सा केंद्रात आणि बाहेर सारखाच येत असेल तर कॅलिब्रेशनवर संशय घ्या. दुसरी चाचणी याहून सोपी: ४२०० अँगस्ट्रॉमच्या खालचा भाग कापून टाका आणि पुन्हा फिट करा. डावा खांब कोसळला तर तुमचा सगळा निष्कर्ष निळ्या टोकाच्या काही शे पिक्सेलवर उभा होता हे कळतं. तो खोटाच आहे असं यातून सिद्ध होत नाही, पण कुठे बघायचं ते समजतं.

चिरेची भानगड नाही म्हणून फायबरवाल्यांनी, म्हणजे काचतंतूने प्रकाश घेणाऱ्यांनी, निर्धास्त राहू नये. एसडीएसएसच्या बॉस सर्वेक्षणात क्वासार (अतितेजस्वी सक्रिय केंद्रं) म्हणून निवडलेल्या लक्ष्यांचे फायबर ४००० अँगस्ट्रॉमचा प्रकाश जिथे पडतो तिथे बसवले होते, आणि प्रमाण तारे ५४०० च्या हिशेबाने. परिणामी त्या क्वासारांचे वर्णपट आहेत त्याहून निळे निघाले. तुमचं लक्ष्य कोणत्या यादीतून निवडलं गेलं, ते फाइलच्या हेडरमध्ये असतं. वाचा.

मग पॉवर लॉ घाला, पण नीट

वरचं सगळं स्वच्छ असूनही खांब उभाच असेल, तर कोडला फ्लडलाइटचा रकाना द्या. टेम्प्लेट्सच्या यादीत तबकडीच्या प्रकाशासाठी एक सरळ पॉवर लॉ, म्हणजे रेषा नसलेला, एकाच उताराचा वर्णपट, घालायचा. नेहमीचा उतार वारंवारतेच्या भाषेत उणे १.५ घेतात. इथे दर वर्षी कोणीतरी पडतं: टेम्प्लेट्स तरंगलांबीच्या एककात असतात आणि तोच उणे १.५ तसाच चिकटवला जातो. एकक बदलताना तरंगलांबीचा वर्ग मध्ये येतो. त्यामुळे वारंवारतेतला उणे १.५ तरंगलांबीत उणे ०.५ होतो. चुकून उणे १.५ ठेवलात तर तुमचा पॉवर लॉ हवा त्याहून बराच निळा होईल, कोड तो नाकारेल आणि तुम्ही मला लिहाल, ‘मॅडम, एजीएन (सक्रिय केंद्र) शून्य टक्के आलं, तारे खरेच आहेत.’

एकच उतार देऊ नका, दोन-तीन द्या. सगळे एकाच तरंगलांबीला बाकीच्या टेम्प्लेट्सइतकेच नॉर्मलाइज करा. आणि प्रकाशाच्या हिश्शावरून वस्तुमानाकडे जाताना पॉवर लॉ बाहेर काढून मगच बाकीचे हिस्से पुन्हा शंभरावर आणा, कारण त्याला ताऱ्यांचं वजन नसतं. तसंही ५० लाख वर्षांच्या ताऱ्यांनी पाव हिस्सा निळा प्रकाश दिला तरी वजनाच्या काट्यावर त्यांचा वाटा बहुधा शेकडा एकाच्याही आत राहतो, त्यामुळे ‘केंद्र तरुण आहे’ हे वाक्य लिहिताना आपण कशाबद्दल बोलतोय ते ठरवून घ्या.

पॉवर लॉ घातल्यावर साधारण असं दिसतं: तरुण खांब अर्धा होतो आणि उरलेला अर्धा पॉवर लॉच्या नावावर जातो. नॉइजचं बी (रँडम सीड) बदलून पुन्हा चालवा, वाटणी बदलते. बेरीज मात्र फारशी हलत नाही. म्हणून रिपोर्टच्या तक्त्यात या दोघांचा एकच रकाना ठेवा, ‘तरुण तारे अधिक पॉवर लॉ’ असा. विद्यार्थ्यांना हे आवडत नाही. रिझल्ट गेल्यासारखं वाटतं. पण दशांशचिन्हासकट दोन वेगळे आकडे छापायचे आणि ते उद्या बदलायचे, यापेक्षा हे बरं.

दोघांना वेगळं करायला फिटच्या बाहेरचा पुरावा लागतो. तो वर्णपटातच असतो, डोळ्यांनी बघावा लागतो.

कॅल्शियमच्या दोन रेषा काढा, ३९३४ ची के आणि ३९६८ ची एच. जुन्या ताऱ्यांच्या दीर्घिकेत दोन्ही खोल असतात. नुसता पॉवर लॉ वर ओतला तर दोन्ही एकाच प्रमाणात उथळ होतात, त्यांचं आपसातलं नातं टिकतं, जसं वरणात पाणी घातलं तरी हळद आणि मिठाचं प्रमाण तेच राहतं. तारे तरुण किंवा मध्यमवयीन असतील तर के उथळ होते, पण एचच्या जागी हायड्रोजनची ३९७० ची एप्सिलॉन रेषा येऊन मिळते आणि ती जोडी केपेक्षा खोल दिसते. शिवाय ३८८९, ३८३५, ३७९८ या वरच्या बामर रेषांचं शोषण उघडं पडतं. तसं दिसलं तर तिथे तारे आहेत. तबकडीला बामरचं असं शोषण दाखवता येत नाही. एक अडचण मात्र राहते. अगदी कोवळे, ५० लाख वर्षांच्या आतले समूह या रेषा स्वतःच फिकट दाखवतात, शिवाय वायूचं उत्सर्जन त्या भरून टाकतं. के रेषेची चाचणी काही कोटी ते एखाद अब्ज वर्षांच्या ताऱ्यांसाठी चांगली, कोवळ्यांसाठी अपुरी.

दुसरा पुरावा उलट बाजूचा. टाइप २ सेफर्टमध्ये केंद्र धुळीच्या कड्याआड असतं, त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत आला तर विखुरून येतो. अँतोनुच्ची आणि मिलर यांनी १९८५ मध्ये एनजीसी १०६८ च्या ध्रुवीकृत प्रकाशात रुंद बामर रेषा दाखवल्या त्या अशाच, आडून आलेल्या. आता विचार करा: विखुरलेला प्रकाश येताना केंद्राच्या रुंद रेषाही सोबत आणणारच. १९९५ मध्ये सिद फर्नांडिस आणि तेर्लेविच यांनी हाच मुद्दा मांडला. पॉवर लॉचा हिस्सा एकूण प्रकाशाच्या पाचव्या भागाहून जास्त निघत असेल तर एच-बीटाच्या पायथ्याशी, साध्या प्रकाशातही, रुंद उंचवटा दिसायला हवा. तुमचा पॉवर लॉ ३० टक्के आहे आणि एच-बीटाचा पायथा सपाट आहे? मग त्यातला बराचसा बहुधा पॉवर लॉ नाही. इथे पारडं ताऱ्यांकडे झुकतं.

टाइप १ वाल्यांबद्दल, म्हणजे ज्यांचं केंद्र थेट दिसतं त्यांच्याबद्दल, थोडक्यात. त्यांचे रुंद रेषांचे मास्क नेहमीच्या मास्कच्या कितीतरी पट लागतात. सेकंदाला ५००० किलोमीटर रुंदीची एच-बीटा अर्ध्या उंचीलाच ८१ अँगस्ट्रॉम पसरते, पंख वेगळे. लोहाच्या रेषांची झालर ४५७० च्या आसपास आणि पुन्हा ५१९० ते ५३२० मध्ये येते, म्हणजे मॅग्नेशियम आणि लोहाच्या शोषणरेषांच्याच डोक्यावर. बोरोसन आणि ग्रीन यांच्या १९९२ च्या कामानंतर त्यासाठी आय झ्विकी १ या दीर्घिकेवरून केलेलं टेम्प्लेट वापरतात. आणि ४००० अँगस्ट्रॉमच्या खाली बामर कंटिन्युअम आणि लोह मिळून एक निळा फुगा तयार करतात, जो ४००० च्या पायरीची (जुन्या ताऱ्यांच्या वर्णपटात तिथे दिसणाऱ्या उडीची) उंची सरळ कमी करतो. टाइप १ मध्ये त्या पायरीवरून वय काढलेलं मी वाचत नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टला टाइप १ घेऊच नका, एवढाच माझा सल्ला. चार महिने पुरत नाहीत.

आपलीच दीर्घिका, आपणच भेसळ करायची

इतकं करूनही खात्री वाटत नसेल तर एक चाचणी उरते, आणि खरं सांगायचं तर तीच माझी आवडती. मंगासारख्या सर्वेक्षणात एकेका दीर्घिकेच्या अंगावरचे शेकडो वर्णपट मिळतात, घरबसल्या, फुकट. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत असू दे, गॅलरीत कपडे वाळू नयेत, आकाश दोन महिने दिसू नये, काही बिघडत नाही. त्याच दीर्घिकेचा केंद्रापासून दूरचा, स्वच्छ, जुन्या ताऱ्यांचा वर्णपट घ्या. त्यात आपल्या हाताने पॉवर लॉ मिसळा: एकदा १० टक्के, मग २०, मग ३०. केंद्राच्या वर्णपटाइतकाच नॉइज टाका. नॉइज शंभर वेळा बदला आणि शंभर वेळा फिट करा, पॉवर लॉचं टेम्प्लेट न देता. किती खोटे तरुण तारे जन्मतात ते मोजा. मग टेम्प्लेट देऊन पुन्हा शंभर. ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या स्लो लोकलमध्ये, बसायला जागा मिळाली तर, साध्या लॅपटॉपवर हे उरकतं.

या खेळातून तुमच्या स्वतःच्या डेटाची लायकी कळते. दुसऱ्या कोणाच्या पेपरमधली अनिश्चितता उसनी आणावी लागत नाही. २० टक्के भेसळ केल्यावर कोड ८ ते ३० मधलं काहीही परत देत असेल, तर केंद्रातले तुमचे २५ टक्के कशाच्या जोरावर बोलणार?

भेसळ करायच्या आधी फायबरमध्ये नेमकं काय मावतं ते मात्र काढा. एसडीएसएसचा जुना फायबर ३ आर्कसेकंदांचा. एनजीसी १०६८ सारख्या सुमारे ४ कोटी ७० लाख प्रकाशवर्षांवरच्या शेजारणीत त्यात जेमतेम ६८० प्रकाशवर्षांचा गाभा येतो. ताम्रसृती ०.१ असलेल्या दीर्घिकेत तोच फायबर १८ हजार प्रकाशवर्षं व्यापतो, म्हणजे केंद्र, फुगवटा आणि दीर्घिकेच्या तबकडीचाही तुकडा. तिथले तरुण तारे सर्पिल भुजेतले असू शकतात, केंद्राशी त्यांचा संबंध नसेलही. लांबच्या दीर्घिकांचा नमुना आणि जवळच्यांचा नमुना एकाच आलेखावर टाकून ‘तेजस्वी केंद्रांभोवती तारे तरुण’ असं म्हणण्याआधी हे बघा. तेजस्वी केंद्रं लांबचीच जास्त सापडतात.

आणि कधीकधी ते खरंच असतात

वाचून कोणी असं समजू नये की सक्रिय केंद्रांजवळ तरुण तारे नसतातच. कौफमन यांच्या गटाने २००३ मध्ये एसडीएसएसमधली २२,६२३ अरुंद रेषांची सक्रिय केंद्रं तपासली आणि ताकदवान केंद्रांच्या यजमान दीर्घिकांत तारे तुलनेने तरुण निघाले. त्याआधी १९९८ मध्ये गोन्झालेझ देल्गादो आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने एनजीसी ७१३०, एनजीसी ५१३५ आणि आयसी ३६३९ या सेफर्ट दीर्घिका अतिनील प्रकाशात पाहिल्या. तिथे तरुण ताऱ्यांच्या वाऱ्यांच्या रेषा, १४०० जवळची सिलिकॉनची आणि १५५० जवळची कार्बनची, स्पष्ट दिसल्या. तबकडी असल्या ताऱ्यांच्या वाऱ्यांच्या खुणांची नक्कल करू शकत नाही. वादच संपला. तेव्हा तुमच्या दीर्घिकेचा अतिनील वर्णपट अभिलेखागारात आहे का, हे पहिल्याच आठवड्यात शोधा. शेवटच्या आठवड्यात शोधून मिळाला तर रडू येतं. दृश्य भागात त्याच दर्जाचा पुरावा म्हणजे ४६५० च्या आसपासचा वोल्फ-राये (जोरदार वारे सोडणाऱ्या वजनदार) ताऱ्यांचा रुंद उंचवटा, पण सक्रिय केंद्रात हेलियमची ४६८६ ची रेषा तिथेच ठाण मांडून असते, त्यामुळे सांभाळून.

या वर्षीच्या मुलाने हे सगळं केलं. तीन आठवडे लागले. त्याचा डावा खांब पॉवर लॉ दिल्यावर अर्धा झाला, मास्क दुरुस्त केल्यावर आणखी थोडा खाली आला, आणि उरलेला हलेना. मग त्याने के आणि एच काढून पाठवल्या. एच केपेक्षा खोल, वरच्या बामर रेषाही शोषणात. ‘मॅडम, मग तारे आहेत ना?’ आहेत, मी लिहिलं, पण ५० लाख वर्षांचे नव्हेत. त्या रेषा सांगतात त्याप्रमाणे काही कोटी वर्षांचे. कोडने त्यांना निळ्या टोकाच्या नादात जास्तच कोवळं केलं होतं.

तुमचाही खांब हलत नसेल तर मला लिहा, पण वयांचा ग्राफ एकटा पाठवू नका. सोबत रेसिड्युअल (वर्णपट वजा फिट) पाठवा, मास्क दाखवून, ३७५० पासून पुढचे. सिग्मा पाठवा. बेरजेची बहुपदी बंद होती का ते लिहा. केंद्राबाहेरच्या निदान एका वर्णपटाचा तसाच फिट जोडा. आणि रात्री साडेअकराला नको, सकाळी सातनंतर कधीही चालेल.